तिसरं पेडल: १९९१ची व्हॉल्वो २४० वॅगन मॅन्युअल करताना

खिळेमोळे | एडिसन, न्यू जर्सी | ८ नोव्हेंबर

मंडळी, गेल्या महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका आजोबांकडून १९९१ची व्हॉल्वो २४० वॅगन घेतली. चालवत आणली, पण पंचावन्न मैलांच्या पुढे इंजिन असं बोंबलायचं की शेजारून जाणारे ट्रकवाले काच खाली करून बघत होते. चौथा गिअर पडतच नाही.

कुंडली अशी: बी२३०एफ इंजिन, २.३ लिटर, चार सिलिंडर, ११४ अश्वशक्ती. मागे आयसिन वॉर्नरचा एडब्ल्यू७० ऑटोमॅटिक. रंग एकेकाळी निळा. मीटर १,८६,००० मैलांवर थांबलंय. त्यातलं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटणं हा या गाडीचा आनुवंशिक रोग. आजोबा म्हणाले, "तीनेक वर्षं झाली थांबून." आजी आतून म्हणाल्या, "दहा."

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि पत्र्याचं लोणचं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालचं गवत दिसलं. मागच्या मोठ्या दाराच्या काचेखाली रंगाचे पापुद्रे सुटलेत. बाकी सांगाडा ठणठणीत.

बेत असा: हिवाळ्यात पत्र्याचं काम, मग ऑटोमॅटिक उतरवून मॅन्युअल. कारण विचाराल तर, मी साताऱ्यात वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर शिकलो, स्टिअरिंगखालच्या दांडीच्या गिअरवर. डाव्या पायाला काम नसलं की मला गाडीत कुणीतरी बसवून नेतंय असं वाटतं.

प्रश्न: मॅन्युअल गिअरबॉक्स एम४६ बरा की एम४७? हे काम इथे कुणी केलंय का?

---

कोथरूडचा_कोपरा | पुणे | ८ नोव्हेंबर

व्हॉल्वो म्हटलं की मला दादरची बस आणि त्यातला कुडकुडवणारा एसी आठवतो. घरात ठेवायची पण असते हे आज कळलं. फोटू टाका.

---

उत्तरवारा | गॉथेनबर्ग | ८ नोव्हेंबर

अरे वा, आमच्या गावची लेक! १९७४ ते १९९३ अशी जवळपास वीस वर्षं ही गाडी निघाली, अठ्ठावीस लाखांहून जास्त. आधी वॅगनला २४५ म्हणायचे: दोन म्हणजे मालिका, चार म्हणजे सिलिंडर, पाच म्हणजे दारं. पुढे सगळ्यांनाच २४० म्हणायला लागले. इथे अजूनही दिसते, शेतावरून कुत्री आणि बटाटे घेऊन येताना.

खिळेमोळे, गिअरबॉक्सला हात लावण्याआधी एक करा. चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, हायवेला इंजिन कमी फिरवणारा गिअर, आणि तो एका छोट्या रिलेवर, म्हणजे विजेच्या आपोआप चालणाऱ्या स्विचवर, चालतो. त्या रिलेचे सोल्डरचे टाके सुटतात, आणि लोक चांगला गिअरबॉक्स भंगारात घालतात. आधी रिले उघडा, टाके पुन्हा मारा. वीस मिनिटांचं काम आहे.

---

डबल_डिक्लच | ट्रॉय, मिशिगन | ९ नोव्हेंबर

एम४६ म्हणजे चार गिअर आणि शेपटीला विजेवर चालणारा ओव्हरड्राइव्ह. दांडीवरचं बटण दाबलं की लागतो. मजबूत आहे, पण त्याचं सोलेनॉइड, वायर, रिले हे सगळं आणखी एक लफडं. एम४७ सरळ पाच गिअरचा. वर्कशॉप मॅन्युअल बघ, यात घट्ट गिअर ऑइल नाही, ऑटोमॅटिकचं पातळ तेल, एटीएफ, जातं. एम४७चा पाचवा मागच्या शेपटीत बसतो, त्यामुळे तेल कमी झालं की पहिला बळी त्याचा. विकत घेताना बोल्ट काढून तेलात बोट घाल. बोटाला चमकी लागली तर नमस्कार करून घरी ये.

मी असतो तर एम४७ घेतला असता आणि तेलाकडे लक्ष ठेवलं असतं.

---

खिळेमोळे | १० नोव्हेंबर

उत्तरवारा, कुठल्या तोंडाने सांगू? रिले उघडला, दोन टाके काळे पडून हललेले. सोल्डर मारलं. चौथा आला. गाडी पासष्टला मांजरीसारखी गुरगुरते.

बायको म्हणाली, "झालं ना मग काम?"

---

वडाची_पारंबी | ठाणे | १० नोव्हेंबर

तिचं बरोबर आहे. चालू गिअरबॉक्स काढणं म्हणजे चांगला दात उपटून सोन्याचा बसवणं. तीस वर्षं चाललेला भाग आहे, त्याच्या वयाचा मान ठेवा. मी मूळ स्थितीवाला माणूस आहे. स्पष्ट बोललो, राग नसावा.

---

खिळेमोळे | १० नोव्हेंबर

राग कसला. पण मूळ स्थिती म्हणाल तर ही गाडी कारखान्यातून मॅन्युअलही निघायची. मी तिला परक्या घरात देत नाहीये, चुलत्याकडे पाठवतोय.

---

कलम_बावन्न | नाशिक | ११ नोव्हेंबर

अवांतर: भारतात असले बेत आखणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. काहीही उचकटण्याआधी आरटीओत विचारा. धागाकर्त्याकडचं काय ते त्यांनी सांगावं.

---

खिळेमोळे | ११ नोव्हेंबर

न्यू जर्सीत १९९५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांच्या तपासणीतून सूट आहे. विमा कंपनीला कळवायचं, बस.

---

कोथरूडचा_कोपरा | ११ नोव्हेंबर

वॅगनवरून आठवलं, आमच्या काकांकडे टाटा इस्टेट होती. १९९२ला आली ना ती? पिंपरीच्या कारखान्याजवळ राहायचे, टेल्कोत, म्हणजे टाटांच्याच गाड्यांच्या कंपनीत होते, त्यामुळे घरात दुसरी गाडी येणं शक्यच नव्हतं. डिझेल. चढावर एसी बंद करायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखायचा. पण तिच्या मागच्या भागात आम्ही पाच भावंडं गाद्या टाकून गणपतीपुळ्यापर्यंत झोपून गेलोय. आता ती कुठेच दिसत नाही. एखादी दिसली तर कुणीतरी सांगा.

---

डबल_डिक्लच | ११ नोव्हेंबर

खिळेमोळे, एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव, नंतर रडू नको. ऑटोमॅटिकचा चौथा हा एम४७च्या पाचव्यापेक्षा लांब आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरवतो. मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधली दातेरी चाकांची पेटी, तोच ठेवलास तर हायवेला इंजिन आत्तापेक्षा जास्त फिरेल. मॅन्युअलने गाडी गावात मजेदार होईल, हायवेवर शांत होणार नाही.

---

खिळेमोळे | १४ डिसेंबर

महिनाभर गायब होतो, कारण गाडीखाली होतो.

ड्रायव्हरच्या बाजूचा तळ कापून काढला. गंज दिसतो त्याच्या दुप्पट असतो हे ऐकून होतो. माझ्याकडे तिप्पट निघाला. गालिच्याखालचा जाड नमदा स्पंजासारखा पाणी धरून बसलेला. विंडशील्डच्या रबरातून थेंब थेंब यायचं, ते नमदा प्यायचा आणि पत्रा वर्षानुवर्षं ओला राहायचा. म्हणून आधी काच काढून नवं रबर, मगच पत्रा. उलट केलं असतं तर चार वर्षांनी परत तेच. जुन्या पत्र्याला वेल्डिंग धरत नव्हतं, तो जळून जाळी व्हायचा. शेवटी स्वच्छ धातू लागेपर्यंत कापत गेलो आणि आजूबाजूला चार-चार इंच जास्त घेतलं. टाके दूर दूर, एक इथे, एक तिथे, नाहीतर पत्रा तापून वाकतो. वरून प्रायमर, सांध्यात सीलर, आणि बंद पोकळ्यांत मेण.

मागच्या दाराचा वायपर आणि काच तापवणाऱ्या तारा मेलेल्या होत्या. हाही खानदानी आजार. दार उघड-बंद होताना बिजागरीपाशी वायरी वाकून वाकून आतून तुटतात. अकरा वायरींपैकी सात तुटलेल्या. मऊ सिलिकॉनच्या वायरी जोडल्या.

आणि हीटरचा पंखा. म्हणतात की व्हॉल्वोने आधी पंखा बनवला आणि त्याच्याभोवती गाडी बांधली. खोटं नाही. डॅशबोर्डच्या पोटात, हीटरच्या पेटीच्या मधोमध. दोन शनिवार गेले. पंखा हातात आला तेव्हा त्यात एक उंदराचं घर आणि १९९६ची टोलची पावती होती.

गिअरबॉक्सची बातमी: एका जंकयार्डात १९९०ची २४० सेडान मिळाली, एम४७वाली. ५५० डॉलरमध्ये गिअरबॉक्स, पेडलचा अख्खा सांगाडा, क्लचची केबल, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सखालचा आडवा दांडा, गिअरची दांडी आणि बूट. तेलात बोट घातलं, चमकी नाही. फक्त तिचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला फिरणारं जड चाक, ज्याला क्लच टेकतो, ते तापून निळं पडलंय, वर केसासारख्या रेषा आहेत. कुणीतरी आयुष्यभर हाफ क्लचवर चालवली असणार. म्हणून दुसऱ्या एकाकडून ४० डॉलरला फ्लायव्हील घेतलं. तेही बी२३०चंच, चकाचक.

---

वडाची_पारंबी | १४ डिसेंबर

टोलची पावती मात्र जपून ठेवा. ती मूळ स्थितीत आहे.

---

उत्तरवारा | १४ डिसेंबर

पत्र्याचं काम मनापासून आवडलं. विंडशील्ड आधी, हे फार कमी लोक करतात.

दोन गोष्टी. एक, गिअरबॉक्स बाहेर असतानाच क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, मागचं सील बदला. त्याआधी इंजिनच्या श्वासाची जाळी, म्हणजे फ्लेम ट्रॅप, साफ करा. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. जाळी तशीच ठेवून नवं सील घातलं तर तेही गळेल.

दोन, ते ४० डॉलरचं फ्लायव्हील कुठल्या वर्षाच्या गाडीचं आहे?

---

गृहकृत्यदक्ष | बंगळुरू | १५ डिसेंबर

सुरेख धागा. वाखू (वाचनखूण) साठवली. पंखा काढताना डॅश पूर्ण उतरवला की अर्धवट?

---

खिळेमोळे | १५ डिसेंबर

अर्धवट. मधला कन्सोल, ग्लोव्ह बॉक्स आणि हवेचे पाइप काढले. हात सोलून निघाले, पण डॅश जागेवर राहिला. तीस वर्षांचं प्लास्टिक उचललं की तडकतं.

उत्तरवारा, सील आणलंय, जाळी उकळत्या पाण्यात टाकलीय. धन्यवाद!

---

खिळेमोळे | २१ जानेवारी

झालं. म्हणजे बसलं. चालू झालं नाही, पण ते शेवटी सांगतो.

गाडी चार लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवली. आधी शाफ्ट, मग गिअरबॉक्सच्या गारव्याच्या नळ्या, ज्या पुढे रेडिएटरला जातात. त्या काढून रेडिएटरची तोंडं बुचाने बंद केली. टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या खिडकीतून एकेक करून, इंजिन हाताने फिरवत काढायचे. एडब्ल्यू७० भाड्याच्या जॅकवर उतरवला. माझा मेहुणा मदतीला होता. एरवी शेअर बाजारावर बोलतो, त्या दिवशी दोन तास गप्प होता.

क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग बसवावं लागतं, ऑटोमॅटिकला ते नसतं. विसरलात तर गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकणार कुठे? नवं सील, नवं बेअरिंग, फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट. प्लेट मध्यावर धरायला प्लास्टिकचा डमी शाफ्ट मिळतो, तीन डॉलरचा. गिअरबॉक्स मात्र तासभर आत जाईना. पोटावर घेऊन झोपलो होतो. शेवटी मेहुण्याने इंजिनचं मागचं टोक किंचित खाली सोडलं आणि खट्ट करून बसला. त्या आवाजासाठी पुन्हा करीन.

सगळ्यात वाईट काम गिअरबॉक्सचं नाही, पेडलचं. डॅशखाली उलटं लटकून, डोकं खाली, पाय मागच्या सीटवर. ब्रेकच्या बूस्टरचे नट बोटांना दिसतात, डोळ्यांना नाही. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेकपेडल काढलं आणि दोन अरुंद पेडल आली. तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "तीन झाली की." या घरात इतकं कौतुक पुरे.

वायरिंग सोपं. ऑटोमॅटिकच्या दांडीपाशी एक स्विच असतो, पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय तो सेल्फ लागू देत नाही. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी गिअरबॉक्सवरच्या स्विचला नेल्या. स्पीडोमीटरला काहीच करावं लागलं नाही, त्याचा सेन्सर मागच्या डिफवर आहे.

तर काल रात्री किल्ली मारली. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. एकदाही नाही. साधा ठसकाही नाही. पेट्रोल आहे, बॅटरी नवी.

---

डबल_डिक्लच | २१ जानेवारी

सेल्फ मारताना टॅकोची, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची, सुई हलते का?

---

खिळेमोळे | २१ जानेवारी

टॅको नाही. त्या जागी ताटाएवढं घड्याळ आहे. घड्याळ चालू आहे.

---

डबल_डिक्लच | २१ जानेवारी

बरं. मग एक प्लग काढून बॉडीला टेकवून बघ, ठिणगी येते का. आणि सेल्फ मारताना सीटखालच्या पंपाचा आवाज येतो का ते कुणाला तरी ऐकायला सांग.

---

खिळेमोळे | २१ जानेवारी

ठिणगी नाही. पंपही गप्प. दोन्ही एकदम जातील कसे? महिनाभरापूर्वी ही गाडी चालू होती.

---

उत्तरवारा | २२ जानेवारी

दोन्ही एकदम गेलेले नाहीत. दोघांना एकच खबर मिळेनाशी झालीय, इंजिन फिरतंय ही.

१४ डिसेंबरला मी एक प्रश्न विचारला होता. वर जाऊन वाचा.

---

खिळेमोळे | २२ जानेवारी

वाचला.

फ्लायव्हील १९८८चं आहे.

---

उत्तरवारा | २२ जानेवारी

वाटलंच. १९८९ पासून तुमच्या गाडीत एलएच २.४ ही पेट्रोल इंजेक्शनची पद्धत आली. तिच्यात फ्लायव्हीलच्या कडेला भोकांची रांग असते. साठ जागा, त्यातल्या दोन भरलेल्या, म्हणजे अठ्ठावन्न भोकं. बेलहाउसिंगवरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचावरचा, सेन्सर ही भोकं मोजतो आणि ती दोन भोकांची फट आली की क्रँक कुठे आहे ते त्याला कळतं. त्यावरच ठिणगी, त्यावरच पंप. १९८८च्या फ्लायव्हीलला भोकंच नाहीत, कारण त्या गाडीला ही खबर ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून मिळायची. तुमचा सेन्सर गुळगुळीत भिंतीकडे बघत बसलाय.

बोल्ट सगळे जुळतात, क्लच जुळतो, म्हणून कुणालाच कळत नाही.

---

डबल_डिक्लच | २२ जानेवारी

म्हणजे गिअरबॉक्स परत खाली. मेहुण्याला आज फोन करू नकोस, उद्या कर.

---

भोसरीचा_लेथ | पिंपरी-चिंचवड | २२ जानेवारी

मी इथं फक्त वाचायला येतो, पण आता बोलतो. जुन्या फ्लायव्हीलला भोकं पाडून मिळतात, इंडेक्सिंग हेडवर, म्हणजे काम मोजून सारख्या कोनात फिरवणाऱ्या यंत्रावर. जमतं, पण भोकाची जागा चुकली की सगळं गेलं, आणि नंतर बॅलन्सिंग करावंच लागतं. त्यात पैसे घालू नका.

तुमच्या त्या १९९०च्या निळ्या पडलेल्या फ्लायव्हीलचं काय केलंत? निळं पडलं म्हणजे मेलं असं नाही. केसाच्या रेषा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. एखाद्या चांगल्या मशीन शॉपला द्या, थोडं थोडं ग्राइंड करून बघतील. रेषा गेल्या आणि जाडी मर्यादेत राहिली तर उत्तम. रेष खोल गेली असेल किंवा बोल्टच्या भोकाला मिळाली असेल तर मात्र फेका, पायाशी फुटेल.

फेकलं तर नाही ना?

---

खिळेमोळे | २३ जानेवारी

दिवाणखान्यात आहे. बायकोने कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवलंय. थंडीत कुंडी आत आणली तेव्हा तिला काहीतरी जड आणि गोल हवं होतं.

आत्ता टॉर्च घेऊन वाकून भोकं मोजली. अठ्ठावन्न.

---

वडाची_पारंबी | २३ जानेवारी

मूळ स्थिती, मूळ स्थिती म्हणून मी काय बोंबलत होतो?

---

कोथरूडचा_कोपरा | २३ जानेवारी

आता कढीपत्त्याखाली १९८८चं ठेवा. त्याला भोकं नाहीत, पाणी खाली गळणार नाही.

---

उत्तरवारा | २३ जानेवारी

या वेळी विचारून मोकळी होत नाही, सांगूनच ठेवते. क्रँकवरचे बोल्ट सारख्या अंतरावर आहेत, त्यामुळे फ्लायव्हील चुकीच्या कोनातही आरामात बसतं. तसं बसलं तर सेन्सरला खबर मिळेल, पण खोटी. ऑटोमॅटिकला फ्लायव्हीलच्या जागी असते ती जुनी पातळ प्लेट आहे ना? तिच्यावरही तीच भोकं आहेत. क्रँकला मिळणाऱ्या बोल्टच्या भोकांपासून फट कुठे येते ते दोन्हींवर ताडून बघा. आणि बसवताना पहिलं सिलिंडर टॉपला घ्या, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर. उत्तर द्या म्हणजे मला कळेल की वाचलंत.

---

खिळेमोळे | २३ जानेवारी

वाचलं. दोनदा. जुन्या प्लेटवर खडूने खूण केली. खूण मेहुण्यालाही दाखवणार आहे.

---

खिळेमोळे | १८ फेब्रुवारी

मशीन शॉपवाल्याने तीन फेऱ्यांत रेषा घालवल्या. जाडी मर्यादेत राहिली. ६५ डॉलर. गिअरबॉक्स परत उतरवला. दुसऱ्यांदा चार तासांत झालं, पहिल्यांदा दोन दिवस लागले होते. फट खडूच्या खुणेप्रमाणे.

किल्ली मारली. अर्धा फेरा, आणि चालू.

केबल घट्ट-सैल करायला आणखी एक संध्याकाळ गेली, क्लच पार वरती सुटत होता. पहिल्या दिवशी आपल्याच गल्लीत दोनदा बंद पडली. समोरच्या गुजराती काकांनी ढकलायला धाव घेतली, त्यांना वाटलं बिघडली.

दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो, दहा मिनिटांनी मऊ होतो. डबल_डिक्लच म्हणाला ते खरं निघालं. पासष्टला ती रिले दुरुस्त केल्यावर जेवढी शांत होती, तेवढी आता नाही. डिफ बदलायचा का ते उन्हाळ्यात बघू. पण एडिसनच्या सिग्नलांवर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ११४ अश्वशक्ती कुठे लपून बसली होती ते कळतं.

---

भोसरीचा_लेथ | १९ फेब्रुवारी

ग्राइंड केल्यामुळे क्लचचं अंतर थोडं बदलतं. पाचशे मैलांनी केबल परत बघा.

---

गृहकृत्यदक्ष | १९ फेब्रुवारी

अभिनंदन! आणि तो चांगला चालणारा ऑटोमॅटिक, त्याचं काय?

---

खिळेमोळे | १९ फेब्रुवारी

गॅरेजच्या कोपऱ्यात, रिलेसकट. कुणाला हवा असेल तर फुकट. स्वतः येऊन उचलायचा, आणि सोबत आपापला मेहुणा आणायचा.